केळफुलांची साडी आणि घोड्यावरची बाई

माझ्या नवऱ्याने माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या बाईला साडी नेसवली आणि त्या वेळी मी त्याच्या हातात चहाचा कप देत होते. बाई कॉम्प्युटरच्या पडद्यावर होती, हे खरं. पण निऱ्या नीट पडत नाहीत म्हणून त्याचं ते चुकचुकणं, मान तिरपी करून तिच्या कमरेकडे बघणं, हे सगळं खऱ्या माणसाचं होतं. आमच्या लग्नात माझा पदर घसरून कोपरापर्यंत आला होता, तेव्हा हे महाशय शेजारी उभं राहून कॅमेऱ्याकडे बघत होते. फोटोत तसंच आलं आहे.

बोलताना मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना अरे-तुरे करते, कारण ही हकिगत रागातली आहे आणि राग अजून पुरता गेलेला नाही.

आम्ही सुरतेत, लिंबायतला राहतो. दोघांची गावं खानदेशातली, घरात बोलणं अहिराणी. नवरा साड्यांचा डिझायनर आहे. बमरोलीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसून साड्या काढतो. अंग, काठ, पदर आणि दुसऱ्या टोकाला ब्लाउज पीस, असं सगळं एका लांबलचक फाइलमध्ये मांडायचं, रंग बसवायचे आणि ती फाइल छपाईला मिलमध्ये पाठवायची, हे त्याचं काम. त्याच्या साड्या कुठे कुठे जातात. टीव्हीवरच्या बातम्यांत पाण्याच्या रांगेत उभी असलेली एखादी बाई दिसली तरी तो ताटावरून मान वर करून म्हणतो, "ती मनी शे." माझी आहे म्हणजे, साडी. सुरुवातीला मला कौतुक वाटायचं. पुढे मी चॅनल बदलायला लागले.

मी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते. म्हणजे दिवसभर माझ्या मांडीवर साडी असते, दुसऱ्या बाईची. आणि माझ्या कपाटात असतो तो सेकंड माल. मिलमधून निघालेला चांगला माल तो फ्रेश, आणि छपाई सरकलेली, रंग पसरलेला, कुठे काठावर डाग पडलेला, तो सेकंड. डिझायनर लोकांना सेकंड सहज मिळतो. नवरा आणतो आणि म्हणतो, डाग निऱ्यांमध्ये जाईल. जातोही. माझ्या निऱ्यांमध्ये सुरतेतल्या मिलांच्या किती चुका लपल्या आहेत, ते मलाच ठाऊक. माझी मागणी एकच होती, लग्न झाल्यापासूनची. एक साडी हवी, त्याने काढलेली, फ्रेश, फक्त माझ्यासाठी.

तशी एक त्याने काढलीही होती, लग्न ठरलं तेव्हा. माझं माहेर केळीच्या बागांमधलं, म्हणून साडी केळीच्या पानासारखी हिरवी, अंगभर केळफुलांचे बुट्टे आणि ब्लाउज पीस किरमिजी, त्यावर पिवळ्या केळफुलांच्या बारीक ओळी. त्याने फोनवर फोटो पाठवला होता आणि मी तो माहेरच्या सगळ्या बायकांना दाखवून फुशारकी मारली होती. त्याच्या शेठने ते डिझाइन बघितलं आणि विचारलं, "आ रींगणां छे?" म्हणजे ही वांगी आहेत का. सगळं ऑफिस हसलं आणि केळफूल तिथेच नापास झालं. तेव्हा एकटी साडी कोणी छापून देत नसे, छापायची तर गठ्ठ्याने. नवरा म्हणाला, "फाइल शे मनाकडे. एक रोज छापी लिसूत." एक दिवस छापून घेऊ, यावर मीही विश्वास ठेवला. अधूनमधून आठवण करून द्यायचे, तो हो म्हणायचा.

मग घरात ही बाई आली.

ऑफिसातल्या सोबत्याने त्याला एक गेम दिला. त्यात एक बाई घोड्यावर बसून, पाठीला तलवार लावून, डोंगरांतून एकटीच फिरते. खेळणारे तिच्यासाठी स्वतः कपडे बनवतात आणि एकमेकांना देतात. परदेशातले लोक तिला कोट देतात, बूट देतात, लोखंडी चिलखतं देतात. त्यांचा एक ग्रुप आहे. त्यात कोणीतरी विचारलं की हिला साडी कोणी बनवील का. आमच्या ह्यांनी लगेच होकार दिला. घरातली बाई कधीपासून रांगेत उभी आहे, हे त्यांना कोण सांगणार.

पहिल्या रविवारी मी उत्सुकतेने शेजारी बसले होते, खोटं कशाला बोलू. त्याने समजावून सांगितलं ते असं. ही बाई आतून हाडांची असते, म्हणजे नुसत्या काड्यांची. कापड म्हणजे ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला सांगून ठेवायचं की तू कोणत्या हाडामागे जायचं. कमरेच्या ठिपक्याने कमरेमागे, गुडघ्याच्या ठिपक्याने गुडघ्यामागे. ठिपक्याला चुकीचं हाड दिलं की बाई हलताच कापड भलतीकडे ओढलं जातं.

"समजनं का?" त्याने विचारलं.

"समजनं," मी म्हटलं. "माले बी लगीनमा असंच सांगेल व्हतं."

तो हसला नाही. त्याचं लक्ष तिच्या गुडघ्याकडे होतं.

साडी नेसून ती पहिल्यांदा चालली तेव्हा दर पावलाला तिची नडगी निऱ्यांतून आरपार बाहेर यायची. मला हसू फुटलं. मी विचारलं, हिला परकर आहे का? नव्हता. मग निऱ्या खोचल्या कशात? नवरा म्हणाला, खोचल्या नाहीत, कमरेला चिकटवल्या. परकर न घालता, नाडी न आवळता, पोटावर वळ न उमटता ही बाई दिवसभर साडी नेसून घोडा पळवणार होती. माझ्या कमरेवर नाडीचा काळा पट्टा आहे, तो आता जन्मात जायचा नाही. माझं हसू तिथेच आटलं.

मग तिच्या चालीसाठी माझी वरात निघाली. "ऊठ. चाल." मी चालले. "आते जिना चढ." मी जिना चढले, उतरले, पुन्हा चढले, आणि हा खाली उकिडवा बसून माझ्या निऱ्यांचा व्हिडिओ काढत होता. खालच्या मजल्यावरची गुजराती शेजारीण दार उघडून विचारती झाली, "बेन, कंई खोवायुं?" काही हरवलं का म्हणून. काय सांगणार तिला. माझ्या चालण्याकडे नवरा इतकं निरखून पहिल्यांदाच बघत होता, आणि त्यात मी कुठेच नव्हते. मी लाजले होते, याचाच नंतर जास्त राग आला.

शेजारणीला राहवलं नाही, ती वर आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "बहु सरस लागे छे." फार छान दिसते म्हणे. पदर मात्र उलटा आहे, गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे घ्यायला हवा, असंही सुचवून गेली. उलट्या पदरातली मी तिथेच उभी होते. माझ्याबद्दल ती काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी नवी अडचण आली. वाऱ्याने पदर उडाला की मागून बघताना तो गायबच व्हायचा, बाईच्या खांद्यावर नुसती हवा. नवरा म्हणाला, गेममध्ये कापडाला एकच बाजू देतात, म्हणजे कॉम्प्युटरवर भार कमी पडतो. त्याने दुसरी बाजू दिली. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण छापील कापड उलट्या बाजूने थोडं फिकं दिसतं, म्हणून त्याने ती बाजू मुद्दाम फिकी केली, काठाची जर आतून कशी दिसते तेही आठवून आठवून काढलं. माझ्या साड्या सुलट बाजूनेच फिक्या आहेत. त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडलं आणि मी ते मुद्दाम पडू दिलं.

तिच्या खांद्याची रुंदी त्याला पाठ होती. मान किती लांब, कमर किती आत, सगळं तोंडावर. आणि माझ्या भावाच्या लग्नाआधी वहिनीने फोनवर माझं ब्लाउजचं माप विचारलं, तेव्हा याने फोन खांद्याने कानाशी दाबून दोन्ही हात हवेत धरून दाखवले होते, एवढं एवढं म्हणून. मी ते वहिनीला सांगितलं, ती अजून सगळ्यांना करून दाखवते.

मी तिला सवत म्हणायला लागले. सुरुवातीला चिडवायला. "तुम्हनी दुसरीले बी चहा देऊ का?" तोही हसायचा. पण हळूहळू माझ्या आवाजातली गंमत निघून गेली आणि त्याला ते कळलंच नाही. तो तिच्याबद्दल बोलताना "ती" म्हणायचा. ती वळली की असं होतं, तिला वाकताना त्रास होतो. माझी कंबर धरली होती त्या महिन्यात, तेव्हा "बाम लाव" एवढंच बोलला होता.

साडी बऱ्यापैकी बसली तेव्हा त्याने ती ग्रुपमधल्या काही जणांना बघायला दिली. आणि तक्रार आली. बाई जोरात पळाली की कमरेपाशी हिरव्या साडीतून काळपट लाल ठिपके चमकतात आणि जातात. एकाने तर विचारलं, हिला लढाईत जखम झाली आहे का. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला वाटलं, तिच्या अंगावरचा जुना रंग आरपार दिसतो आहे. त्याने तिची कातडी तपासली, कमरेच्या जाळीचे ठिपके तपासले, साडी अंगापासून किंचित सुटी केली. साडी फुगलेली दिसायला लागली, लाल ठिपके होतेच. सगळ्यांना पुरी साडी कधी देणार ते सांगून बसला होता, त्यामुळे चेहरा असा झाला की मला त्याची दया यायला हवी होती. मला गुदगुल्या होत होत्या. बरं झालं, म्हटलं, काहीतरी खोट निघाली बयेत.

मग एका दुपारी, तो ऑफिसात असताना, मी ती खोट डोळे भरून बघायचं ठरवलं. फॉल लावून झाले होते. गेम कसा सुरू करायचा ते शेजारी बसून बसून मला येत होतं. मी तिला घोड्यावरून उतरवलं आणि आधी काटेरी झुडपांतून नेलं. साडी फाटली नाही. नदीत घातलं. पलीकडे निघाली ती कोरडी, निऱ्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. भरल्या बादल्या घेऊन जिना चढताना माझी काय दशा होते, ते मला आठवलं आणि अंगाचा तिळपापड झाला. मी तिला डोंगरावर चढवलं आणि उतारावरून जीव खाऊन पळवलं. पड म्हटलं, एकदा तरी पड.

ती पडली नाही. पण कमरेला ठिपके चमकले. मी तिला थांबवलं, मागून अगदी जवळ गेले. नुसते ठिपके नव्हते. तो किरमिजी रंग होता आणि त्या किरमिजीत पिवळी बारीक ओळ होती. मी चष्मा पुसला आणि परत बघितलं. केळफूल होतं.

मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. ती तशीच उभी होती, श्वास घेत होती, वाऱ्यावर पदर हलत होता. मग मला तिचा हिरवा रंगही ओळखू आला. इतके रविवार तो माझ्यासमोर होता. बुट्टे नव्हते आणि काठ सोनेरी केला होता, म्हणून मी फसले होते. माझी साडी तिच्या अंगावर होती.

चूक काय झाली होती, तेही कळलं. बाहेरच्या कोणी ही साडी बनवली असती तर डोळ्यांना दिसेल तेवढंच कापड बाईभोवती लावलं असतं. सुरतेत साड्या काढणाऱ्याला ब्लाउज पिसाशिवाय साडी पुरी वाटतच नाही. त्याने मिलला जाते तशी अख्खी फाइल उचलली आणि सगळी तिला गुंडाळली. ब्लाउज पीस खोचायच्या टोकाला असतो. तो कापलाच नव्हता. त्यामुळे आत कमरेभोवती एक जादा वेढा बसला होता, आणि ती पळाली की तो वरच्या कापडातून डोकं काढत होता. दुकानातून आणलेली साडी ब्लाउज पीस न कापता नेसली की कमरेला बोंगा होतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं. त्याला नेसवणं माहीत होतं, नेसणं नव्हतं.

संध्याकाळी तो आला, डबा ठेवला आणि चप्पल काढण्याआधी पडद्याकडे बघितलं. तिची कमर पडद्यावर मोठी करून ठेवलेली होती.

"हाऊ ब्लाउज पीस कोना शे?" मी विचारलं.

तो वाकला, बघत राहिला, आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, ब्लाउज पीस," तो म्हणाला. "जखम नही, ब्लाउज पीस शे. मी तिनी कातडी तपासी राहिंतू." आनंदाने त्याने माझा हात धरला. मी हात काढून घेतला.

"मनी साडी शे ही."

त्याने चप्पल काढली. मग म्हणाला, "जुनी फाइल व्हती. हिरवा रंग तयार व्हता, म्हनीसन लिधी."

"आनी फुलं?"

"त्यासले सादी पाहिजे व्हती. पुसी टाकात."

"मंग मनी फाइल दखाडा. फुलंवाली."

तो खुर्चीवर बसला आणि शोधायला लागला. आधी भराभर, मग हळूहळू. मागे उभं राहून मला त्याची मानच दिसत होती, आणि मानेवरूनच कळलं. पुसून झाल्यावर त्याने ते त्याच फाइलवर सेव्ह केलं होतं. जुना पेन ड्राइव्ह काढला, त्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शोधली, नापास डिझाइन कोण जपून ठेवतो. माझा तो फोटोवाला फोनही केव्हाच मोडीत गेला होता. साडीतलं माझं उरलं होतं ते त्या बाईच्या कमरेत दडलेलं, जखमेसारखं दिसणारं तेवढंच.

मी रडले. भाकरी थापताना रडले आणि तोंड वळवलं नाही, त्याला दिसू दिलं. मला वाईट याचं वाटलं की त्याने ती फुलं रागाने पुसली नव्हती, मला दुखवायला पुसली नव्हती. पुसताना त्याला माझी आठवणच आली नव्हती.

त्यानंतर त्याने बरेच दिवस गेम उघडला नाही. ग्रुपवर लोक विचारत होते, साडी कुठवर आली. काम म्हटलं तर एवढंसं होतं, ब्लाउज पीस कापला की ठिपके जाणार. पण तो कापेना. "हात उठत नही," म्हणाला. "तेवढंच ऱ्हायेल शे." ते ऐकून मला बरं वाटलं की अजून वाईट वाटलं, मला आजही सांगता येणार नाही. शेवटी एका रविवारी मीच त्याला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि माऊस हातात घेतला. आजवर इतक्या साड्यांचे ब्लाउज पीस कापले आहेत, हा एक आणखी. कुठे दाबायचं ते तो सांगत होता, मी कापत होते. कापलेला तुकडा वेगळा ठेवला. नाव काय देऊ म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, माझं द्या. त्याने दिलं.

साडी बसली. सुरेख बसली, हे मला कबूल करावं लागतं. कमर सपाट, ठिपका नाही. त्याने ती ग्रुपला देऊन टाकली आणि मग फोटो यायला लागले. बर्फाच्या डोंगरावर उभी, समुद्राकाठी उभी, जळत्या गावातून घोडा काढताना, सगळीकडे माझ्या हिरव्या रंगात ती. आधी एक सवत होती, आता मोजायची सोय राहिली नाही. नवरा एकेक फोटो दाखवायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. मी म्हणायचे, बेस शे. माझ्या पोटात दुखायचं.

मग एक दिवस त्याने ऑफिसच्या पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. आताशा नवी मशीनं आली आहेत, त्यांवर हातभर कापडही छापून मिळतं. कोणाच्या तरी नमुन्यांच्या शेवटी त्याने माझं टोक लावून घेतलं होतं. किरमिजी, त्यावर केळफुलांच्या पिवळ्या ओळी, मी कापला होता तेवढाच. मी तो खिडकीत उजेडासमोर धरला. सरकलेली ओळ शोधली, डाग शोधला, उलटी बाजू बघितली. काहीच सापडलं नाही. फ्रेश होता. लग्नानंतर माझ्या हातात आलेला पहिला फ्रेश माल, आणि त्याला साडी नव्हती. मी थँक्यू वगैरे म्हटलं नाही. शिवायला घेतला.

भाचीच्या हळदीला तो घातला. कपाटातली एक हिरवी सेकंड साडी शोधली, डाग निऱ्यांमध्ये घातला. मांडवात थोरल्या नणंदेने माझी बाही धरून कापड बोटांनी चाचपलं.

"वहिनी, ब्लाउज काय बेस शे. ह्यानी साडी कोठे शे?"

माझ्या जिभेवर आलं होतं की ती घोड्यावर बसली आहे. तोंड उघडणार तोच नवरा मागून म्हणाला, "काढी राहिनू."

मी वळून बघितलं. तो हातातल्या पत्रावळींकडे बघत होता. नणंद विचारत होती, काढतोस म्हणजे काय, कधीपासून काढतोस. तो म्हणाला, ऑफिसात जेवायच्या सुट्टीत काढतो, रोज काढतो, जमत नाही. "तवय कशी निंघनी व्हती काय माहीत," म्हणाला. तेव्हा कशी निघाली होती कोण जाणे. पत्रावळी द्यायच्या राहिल्या होत्या, कोणीतरी हाक मारली, तो गेला. हळदीची गाणी चालू होती. मला डोळ्यांत काहीतरी गेल्याचं सोंग करावं लागलं, आणि हळदीत ते सोंग सहज खपतं.

तेव्हापासून रविवार माझे आहेत. तो केळफूल काढतो, मी शेजारी बसते. ब्लाउजवरची फुलं इवलीशी, मोठी केली की फुटतात, म्हणून नव्याने काढावी लागतात. शेठचं तेव्हा चुकलं असेल, पण आता काढतो ती खरोखर वांगी दिसतात. भावाने बागेतून फोटो पाठवले आहेत, खालून, वरून, पाकळी उचलून, सगळे. नवरा ते मोठे करून बघतो आणि परत वांगंच काढतो. मी म्हणते, पुसा. तो पुसतो. आधी वेगळी कॉपी करून ठेवतो, आणि मग पुसतो.

ग्रुपवर मात्र नवी बोंब आहे. तिने तलवार उगारली की पदर हाताबरोबर ओढला जातो. एका ठिपक्याला खांद्याऐवजी मनगटाचं हाड दिलं गेलं आहे. लोक विचारतात, नीट कधी करणार. नवरा म्हणतो, तासाभराचं काम आहे. मी म्हणते, आधी फूल.

काल कोणीतरी व्हिडिओ पाठवला. ती घोडा उधळत येते, तलवार वर करते आणि पदर चघळलेल्या च्युइंगमसारखा ताणत ताणत तिच्या मनगटामागे अख्ख्या डोंगरभर जातो. तिला काही पत्ता नाही, ती आपली ऐटीत बसली आहे. मी तो व्हिडिओ परत लावला. परत एकदा लावला. मग त्याचा फोन पालथा ठेवला आणि म्हटलं, "देठ आजून बारीक करा."